चाकं मालकाची

कुर्डुवाडी वाढली ती चाकं जुळत नव्हती म्हणून. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी गाडी 1676 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून यायची, बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 762 मिलिमीटरच्या. पंढरपूरला निघालेला वारकरी असो की लातूरकडून आलेलं पोतं, दोघांनाही इथे उतरून दुसऱ्या गाडीत चढावं लागे. त्या तेवढ्या खोळंब्यावर हमालाचं आणि चहावाल्याचं घर चाललं. 1897 साली ही लाइन सुरू करणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप मोठा हिशेबी इंजिनियर. कोणत्याही आसावर 5 टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा दंडक. म्हणून तर हलक्या रुळांवरूनही त्याची गाडी भरपूर माल ओढायची. (रोल्स-रॉइसमधला चार्ल्स रोल्स त्याचा मित्र. 1910 साली रोल्स विमान कोसळून गेला आणि हे गृहस्थ पॅराशूट बनवायच्या मागे लागले. चाकं जमिनीवर आहेत तोवरच माणूस निवांत असतो, हे त्यांना पटलं असावं.)

आता रूळ सगळे रुंद झाले आणि गाडी बदलायची कटकट संपली. पण आसाचा भार आणि रुळांची रुंदी यांवर घराघरात चर्चा झालेल्या या गावात, मला माझ्या मारुती 800 ला जुनी जपानी चाकं बसवायची हौस आहे, याचं कुणाला नवल वाटू नये.

वाटतं.

‘जपानी म्हणजे?’ हा पहिला प्रश्न. मारुती जपानीच आहे, असं मी सांगतो. डिसेंबर 1983 मध्ये पहिली मारुती आली ती सुझुकीची आल्टो होती, नाव तेवढं आपलं. सुझुकी हामामात्सू गावची, आणि 1909 साली ती सुरू झाली ती विणकामाचे माग बनवायला. हे ऐकलं की सोलापूरचा माणूस जरा खिन्न होतो. माग आपल्याकडेही खडखडत होते की! आपण चादरींवर थांबलो, ते मोटारीपर्यंत गेले.

मला हवी आहेत ती चाकं आठ आऱ्यांची. जपानात 1960 च्या दशकाअखेरीस वातानाबे नावाच्या कंपनीने ती काढली. रेसच्या गाड्यांसाठी सुरुवातीला मॅग्नेशियमची, वजनाला हलकी, दिसायला पैलवानाच्या मांडीसारखी. ‘इनिशियल डी’ या चित्रकथेत टोफू पोचवणारा एक पोरगा घाटातून टोयोटा पळवतो. त्या टोयोटाला हीच काळी चाकं आहेत. त्या कथेमुळे जगभरच्या पोरांना टोफू आवडायला लागला नसेल, पण चाकं आवडली. दुसरी कंपनी स्पीड स्टार, 1971 ची. तिने तीन तुकड्यांचं चाक काढलं: मधला भाग वेगळा, आतली कड वेगळी, बाहेरची वेगळी, सगळं बोल्टांनी आवळलेलं. कड बदलली की चाक हवं तेवढं रुंद होतं. जपानी डोक्याचं याबद्दल फार कौतुक होतं. होऊ दे. पण तुंबा, आरे आणि वर तापवून चढवलेली धाव, असं सुट्या तुकड्यांचं चाक आमच्या सुतार-लोहारांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. त्याच लाकडी चाकांच्या जागी पुढे रबरी टायर आले आणि बैलगाडीची ‘डनलॉप’ झाली. मूळ गाडीला दुसऱ्याच कुणाची चाकं लावायची ही हौस आमच्या माढा तालुक्यात मोटारीच्या आधी बैलगाडीने पुरवून घेतली आहे. उसाच्या हंगामात रस्त्यावर उभे राहून पाहा.

या हौशीमागचं कारण मला साधं दिसतं. गाडी कंपनीची असते. रंग कंपनीने ठरवलेला, इंजिन तिचं, दिवे तिचे. 800 तर इतक्या एकसारख्या होत्या की लग्नाच्या मांडवाबाहेर माणसं दुसऱ्याच्याच गाडीत किल्ली खुपसत बसायची. मालकाला आपलं म्हणून दाखवायला काय उरतं? मागच्या काचेवर देवाचं नाव आणि खाली चाकं. ज्याच्याकडे चार पैसे असत तो मुंबईहून ‘मॅग व्हील’, म्हणजे अलॉयची चाकं, आणी. बाकीचे प्लास्टिकचे व्हील कॅप लावून मन रमवत, आणि ते कॅप मोहोळच्या खड्ड्यात सोडून येत.

नाक्यावरच्या टायरवाल्याला मी फोटो दाखवला. त्याने हात पुसले, फोटो मोठा केला, गाडीच्या चाकाकडे पाहिलं.

‘काका, भोकं जुळत्यात का बगा आधी.’

भोकं जुळतात, हीच तर गंमत आहे. माझ्या मारुतीचे चार नट ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास 114.3 मिलिमीटर. त्या चित्रकथेतल्या टोयोटाचा तोच, जुन्या डॅटसन 240 झेडचाही तोच. हा आकडा असा अर्धवट का, तर ते मुळात साडेचार इंच आहेत. आमची छोटी लाइनही 762 म्हणजे अडीच फूट.

‘मग बसंल की,’ तो म्हणाला, ‘पर बारा इंची घावंल का? आन्‌ चाक भायेर आलं तर फेंडर कापावं लागंल. काकूंना इचारलंय का?’

शेवटचा प्रश्न तांत्रिक नव्हता, पण सगळ्यात नेमका होता. जुनी जपानी चाकं खोलगट असतात, गाडीच्या अंगाबाहेर डोकावतात. मडगार्डला घासली की टायर कापला जातो आणि बेअरिंगवर नको तो ताण येतो. शिवाय जुन्या मॅग्नेशियमला गंज लवकर धरतो आणि आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी चीर असली तरी नजरेला दिसत नाही. वजन वाचवायला म्हणून बसवलेलं चाक वेगात तडकलं, तर वाचलेल्या वजनाचा उपयोग काय? कॅलथ्रॉप असता तर त्याने आधी आसावरचा भार विचारला असता.

म्हणून अस्सल जपानी जुनं चाक परदेशातून मागवायचा नाद मी सोडला आहे. हामामात्सूचीच एन्केई ही चाकांची नामांकित कंपनी पुणे-नगर रस्त्यावर शिक्रापूरला कारखाना टाकून बसली आहे, पण माझ्या बारा इंची हट्टासाठी ती नवा साचा ओतणार नाही. 18 जानेवारी 2014 ला शेवटची 800 बाहेर पडली, तेव्हापासून अशा चाकांना गिऱ्हाईक कमीच.

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या माळ्यावर, गोठ्यात किंवा मेहुण्याच्या बंद पडलेल्या मारुतीखाली जुनी बारा इंची मॅग व्हील असतील, तर अॅल्युमिनियमचा भाव काढून भंगारवाल्याला किलोवर घालू नका. चारही असावीत, चीर नसावी, आणि त्यांचे मूळचे नट असतील तर तेही सोबत ठेवा. लोखंडी डिस्कचे नट त्यांना धड बसतीलच असं नाही. घ्यायला मी स्वतः येईन, आणि काकूंशी बोलणंही माझं मीच करीन.