पुठ्ठ्यावरचा शेरा

प्राप्तिकर खात्याला विवरणपत्राबरोबर कागद नकोसे झाले, त्याला आता बरीच वर्षे झाली. 2007 साली जे नवे फॉर्म आले त्यांना काहीही जोडायचे नव्हते. फॉर्म 16 नको, विम्याची पावती नको, बँकेचा दाखला नको. ही बातमी आमच्या सांगलीतल्या क्लायंट मंडळींपर्यंत अजून पोचायची आहे. जुलै उजाडला की ती पिशवी घेऊन येतात. पिशवीत विम्याच्या पावतीबरोबर लाइटबिल, गॅसचे पुस्तक, नातवाच्या शाळेची फी आणि एखादी लग्नपत्रिकाही असते. "बघा मॅडम, ह्यातलं काय लागतंय ते." नको ते परत द्यायला गेले, तर माणूस दुखावतो. "असू दे की तुमच्याकडंच!"

असे 'असू दे' करता करता ऑफिसच्या तीन भिंती कपाटांनी भरल्या. चौथी वाचली, कारण तिच्यात दार होते.

तसे पाहिले तर कागद किती वर्षे ठेवायचे याला नियम आहे. प्राप्तिकरात हिशेबाच्या पुस्तकांना सहा वर्षे. जीएसटीवाल्यांनी तीच सहा वर्षे '72 महिने' अशी सांगितली आहेत, म्हणजे जरा जास्त वाटावीत. पण आमचे अण्णा ही मुदत मानत नाहीत. अण्णा म्हणजे ऑफिसचे जुने कारकून, माझ्या सासऱ्यांच्या काळापासूनचे. त्यांचे म्हणणे असे, की सहा वर्षे झाली म्हणून कागद फेकावा आणि सातव्या वर्षी माणसाने घर विकायला काढावे. मग भांडवली नफा मोजायला जुने खरेदीखत कुठून आणायचे? 2001 च्या आधीचे घर असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत काढायची. तिचा कागद कोण देणार? यावर मला कधी उत्तर सुचले नाही. लग्नपत्रिका कशासाठी ठेवायच्या, यावर मात्र अण्णांनाही सुचले नाही. तरी त्या राहिल्या.

शेवटी हा वाद कृष्णामाईने सोडवला. 2005 च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती. ती प्रमाण धरून अण्णांनी महत्त्वाच्या फाइली तिच्या वरच्या फळ्यांवर लावल्या होत्या. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्यात त्या वर्षी विवरणपत्राची मुदत 31 जुलैवरून 31 ऑगस्टवर गेली होती. त्यामुळे क्लायंट निवांत आपापल्या घरी आणि त्यांच्या पिशव्या आमच्याकडे, पाण्यात.

पूर ओसरल्यावर आम्ही गच्चीत नायलॉनच्या दोऱ्या बांधून लोकांची उत्पन्ने वाळत घातली. सांगली हळदीची पेठ. हळदवाल्यांच्या फाइली मुळातच पिवळ्या. पाण्यात त्यांचा रंग शेजारपाजाऱ्यांना गेला आणि एका अविवाहित डॉक्टरांच्या सगळ्या फाइलींना हळद लागली. शाईच्या पेनाने लिहिलेले आकडे वाहून गेले होते. शिक्क्यांची जांभळी फुले झाली होती. एकच गोष्ट अक्षर न् अक्षर शाबूत होती, ती म्हणजे फाइलींच्या पुठ्ठ्यांवर अण्णांनी शिसपेन्सिलीने मारलेले शेरे. पेन्सिलीला पाण्याचे भय नसते.

त्यांतले काही असे :

'दुपारी 1 ते 4 फोन करू नये.'

'फी मागितल्यावर देवाच्या फोटोकडे बघतात. पुन्हा मागावी.'

'दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. वेगळ्या दिवशी बोलवावे.'

'पत्नीसमोर एफडीचा विषय काढू नये.'

तेव्हा ते वाचून आम्ही हसलो आणि कामाला लागलो. कागदविरहित ऑफिस करायचे ठरले. स्कॅनर आला. कागद आपण होऊन ओढणारा, चांगला, महागाचा. त्याचे आणि टाचण्यांचे मात्र वैर. अण्णांना टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना काढायचे काम दिले. आयुष्यभर ज्या हातांनी कागद जोडले त्यांनीच आता ते सोडवायचे, यावर अण्णा काही बोलले नाहीत. फक्त निघालेल्या टाचण्या डब्यात भरून डब्यावर 'चालू स्थितीत' असे लिहून ठेवले.

आमच्याकडच्या बी.कॉम. झालेल्या मुलीने पॅन नंबराने फोल्डर केले. ते शास्त्रशुद्धच आहे, कारण नावे हजारांची सारखी असतात, पॅन एकाचाच. पॅनचे चौथे अक्षर व्यक्तीसाठी 'पी', पाचवे आडनावाचे आद्याक्षर. म्हणजे पाटील 'पीपी', पवारही 'पीपी' आणि पोतदारही 'पीपी'. पडद्यावर सगळीकडे हॉर्न वाजल्यासारखे 'पीपी-पीपी'. अण्णांच्या फाइलींवर पाटील (टायर), पाटील (द्राक्षे), पाटील (रागीट) अशी साधी विभागणी होती.

पासवर्डाचीही अशीच गंमत. वार्षिक माहिती विवरण, म्हणजे सगळे ज्याला एआयएस म्हणतात ते, उतरवून घेतले की उघडायला लहान लिपीतला पॅन आणि पुढे जन्मतारीख लागते. खात्याला वाटते, जन्मतारीख ही माणसाची खासगी बाब. पण आमच्या भागातल्या एका पिढीची नावे शाळेत घालताना मास्तरांनी सरसकट 1 जून लिहून टाकलेली आहे. निम्मे ज्येष्ठ नागरिक 1 जूनला जन्मलेले! पासवर्डाचा तेवढा भाग मुलगी आता डोळे मिटून टाइप करते.

कागद येणे थांबेल म्हणून सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितले. तेही सुरू झाले. सुप्रभातच्या गुलाबाखाली पासबुकाचे पान. पानावर धरणाऱ्याचा अंगठा, नेमका शिलकेवर. अंगठा काढून पुन्हा पाठवा म्हटले की तेच क्लायंट तास-दीड तासात झेरॉक्स घेऊन स्वतः हजर. "फोटो पाठवलाच आहे, पन हीबी असू दे." ओटीपीचे तर विचारूच नका. आधारला जोडलेला मोबाइल मुलाचा, मुलगा पुण्याला, आणि आम्ही ओटीपी मागेपर्यंत तो मीटिंगमध्ये.

हे सगळे निभावले. घोळ झाला तो पुठ्ठ्यांचा. स्कॅनर पुठ्ठा ओढत नाही, म्हणून आतले कागद संगणकात गेले आणि पुठ्ठे माळ्यावर. पुढच्या हंगामात मुलीने यादीबरहुकूम फोन सुरू केले. पहिला गेला दुपारी दोनला. दोघे भाऊ एकाच मंगळवारी, एकाच बाकावर, मध्ये माझी पर्स. आणि मग ते एफडीवाले सपत्नीक आले. एआयएसमध्ये बँकेने कळवलेले व्याज दिसते. मुलीने ते खणखणीत आवाजात, शाखेच्या नावासकट वाचून दाखवले. सरकारला पै न् पै ठाऊक होती; ज्यांना नव्हती त्या शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. ते गृहस्थ त्या दिवशी ऑफिसातून बरेच उशिरा घरी गेले. पत्नी आधीच रिक्षाने गेल्या.

संध्याकाळी अण्णा न सांगता माळ्यावर चढले. पुठ्ठे उतरवले आणि मुलीशेजारी खुर्ची घेऊन बसले. तक्त्यात पॅन, जन्मतारीख, मोबाइल यांच्यापुढे नवा रकाना उघडला गेला : 'शेरा'. अण्णा वाचायचे, ती टाइप करायची. आता फोल्डरांत पाटील (रागीट) पुन्हा सापडतात.

एवढ्यावर भागले असते. पण मुलगी पुढचा अभ्यास करते. तिने 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचून काढला आणि अण्णांना सांगितले, की आपल्याविषयी काय साठवले आहे ते विचारण्याची आणि चुकीचे असेल ते दुरुस्त करून घेण्याची सोय त्यात माणसाला दिली आहे. "म्हणजे रागीट पाटलांनी विचारलं, तर दाखवायचं?" अण्णांनी चष्मा पुसला. पेन्सिल असती तर खोडता आले असते, असे काहीसे ते पुटपुटले. मग बरेच शेरे सौम्य झाले. 'रागीट'चे 'स्पष्टवक्ते' झाले. फोटोकडे बघणाऱ्यांचे 'धार्मिक वृत्ती' झाले. 'पुन्हा मागावी' मात्र तसेच ठेवले.

परवा एक हळदवाले शेठ आले. मुलगी त्यांचे फोल्डर उघडून पाणी आणायला गेली आणि शेठनी मान वाकडी करून पडदा वाचायला घेतला. अण्णा जागच्या जागी ताठ झाले. शेरा होता : 'बिले शर्टाच्या खिशात असतात. मागावीत.'

"हे चुकीचं हाय," शेठ म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिले, मी मुलीकडे, मुलीने पाण्याच्या ग्लासाकडे.

"आता पँटच्या खिशात ठेवतोय," असे म्हणत त्यांनी उठून घामेजलेला गठ्ठा बाहेर काढला. "तेवढं बदलून घ्या, न्हाईतर पुढच्या वर्षी उगाच शर्ट तपासाल."