एल-वन एअरब्रश

भिलाई स्टील प्लांटमध्ये जन्म घालवलेला माणूस सुपेल्याच्या रविवार बाजारात भेंडी घ्यायला गेला, तरी तीन ठिकाणची कोटेशन घेतल्याशिवाय पिशवी उघडत नाही. आधी टोक मोडून भेंडीची तांत्रिक पात्रता तपासायची, मग पात्र ठरलेल्यांत सर्वांत स्वस्त कोण ते बघायचं. त्याला एल-वन म्हणतात. ही प्रक्रिया रीतसर पूर्ण होऊन भेंडी घरी पोचते तोवर घरी पिठलं शिजलेलं असतं.

अशा माणसाला महागडा छंद लागू नये. आमच्या काकांना लागला. हे काका माझे सख्खे नव्हेत. स्मृतीनगरच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणाऱ्या सगळ्यांचे ते काका आणि बाकीच्यांचे अंकलजी. सगळी नोकरी रेल मिलमध्ये झाली. भिलाईचे रूळ 260 मीटर लांबीच्या पॅनेलमध्ये बाहेर पडतात, म्हणजे एक टोक पाहायला इकडे आणि दुसरं पाहायला सायकलवरून तिकडे. निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या मुलानं वाढदिवसाला मिग-21 विमानाचं प्लॅस्टिकचं किट पाठवलं, 1:72 मापाचं. जोडून झाल्यावर वीतभर लांब. काकांनी चष्मा पुसून ते पाहिलं आणि तिथून माणूस हातचा गेला.

मिगच का, याला त्यांच्याकडे वंशावळ तयार आहे. भिलाईचा सोव्हिएत रशियाशी करार झाला 2 फेब्रुवारी 1955 ला, पहिली ब्लास्ट फर्नेस राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली 4 फेब्रुवारी 1959 ला आणि तिकडचंच मिग-21 आपल्या हवाई दलात आलं 1963 मध्ये. म्हणजे एकाच घराण्यातलं धाकटं भावंड. त्यातून ते पुढे नाशिकजवळ ओझरला बनू लागलं, तेव्हा मराठी पाणीही प्यायलेलं. असल्या विमानाला कुंचल्यानं रंग द्यायचा? कुंचल्याचा अर्ध्या मिलिमीटरचा ओरखडा खऱ्या विमानाच्या मापात 36 मिलिमीटरचा होतो, हे त्यांनी मला कागदावर गुणाकार करून दाखवलं. "रुळावर असा ओरखडा आला असता तर आम्ही माल रिजेक्ट केला असता," म्हणाले. तेव्हा एअरब्रश घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे खरेदीचं इंडेंट निघालं.

एअरब्रश ही तशी साधी वस्तू. पेनाएवढी नळी, आत एक सुई, पुढे बारीक तोंडाचं नोझल, वर रंगाची वाटी, खालून हवा. सुई मागे सरकली की नोझल उघडतं आणि हवा रंगाला ओढून तुषार करून सोडते. बाजारात हजार-दीड हजारापासून चिनी मिळतो आणि जपानी इवाटा किंवा जर्मन हार्डर अँड स्टीनबेक घ्यायचा तर त्याच्या दहापट मोजायची तयारी हवी. सामान्य माणूस मधलं काहीतरी घेऊन मोकळा होतो. काकांनी फाइल उघडली.

फाइलीत पहिलं पान सिंगल अॅक्शन की डबल अॅक्शन. सिंगलमध्ये ट्रिगर दाबला की ठरलेला रंग येतो, कमी-जास्त करायचा तर थांबून स्क्रू फिरवा. डबलमध्ये दाबलं की हवा आणि मागे ओढलं की रंग, दोन्ही एका बोटावर. दुसरं पान वाटी वर की बाटली खाली. वाटी वर असली की रंग आपल्या वजनानंच उतरतो, थोड्या रंगात भागतं आणि हवेचा दाबही कमी चालतो. बाटली खाली लटकवली तर रंग जास्त मावतो, पण वीतभर विमानाला इतका रंग लावायचा कुठे? तिसरं पान सुईचं. 0.2, 0.3 की 0.5? या पानावर काका दोन महिने राहिले. आयुष्यभर मीटरमध्ये विचार केलेला माणूस मिलिमीटरच्या दशांशात अडकला की त्याला बाहेर काढणं अवघड. 0.2 ची सुई रेघ सुंदर काढते पण सारखी तुंबते. 0.5 ची तुंबत नाही, पण तिच्यानं बारीक काम होत नाही. सगळं जग 0.3 घेतं. काकांना सगळं जग घेतं तेच घ्यायचं होतं, फक्त कारणांसहित.

सगळ्यात मोठं पान कंप्रेसरचं. टाकी नसलेला स्वस्त पडतो, पण त्याची हवा धडधडत येते आणि ती धडधड रंगात उतरते. म्हणून टाकी हवी, दाब कमी-जास्त करायला रेग्युलेटर हवा आणि मॉइश्चर ट्रॅप तर हवाच. हवा दाबली की तिच्यातला दमटपणा पाणी होऊन गळतो आणि नेमका विमानाच्या नाकावर थेंब थुंकतो. भिलाईच्या पावसाळ्यात या ट्रॅपशिवाय काम करणाऱ्याला मी तरी शूर म्हणणार नाही.

मग साइट व्हिजिट. दुर्गजवळचं थनौद गाव मूर्तिकारांचं. गणपतीच्या आधी तिथे शेडभर गजानन रंगाची वाट बघत उभे असतात. एका शेडमध्ये विशीतला पोरगा सोंडेवर गुलाबी छटा मारत होता. हातात तोच हजार-दीड हजारवाला चिनी एअरब्रश, पायाशी जुन्या फ्रिजचा कंप्रेसर, त्याला जोडलेली कसलीशी टाकी. आवाज मांजर घोरल्यासारखा. छटा मात्र अशी की गालावरून सोंडेत कधी शिरली ते कळू नये. काका अर्धा तास पाहत उभे राहिले. परतताना गाडीत त्यांनी शेरा दिला, "टेक्निकली नॉट अॅक्सेप्टेबल. प्रेशर गेजच नाही."

26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला मिग-21 नं शेवटचं उड्डाण केलं. काका टीव्हीसमोर उभे राहिले, डोळे पुसले. बासष्ट वर्षं सेवा करून खरं विमान निवृत्त झालं, टेंडर अजून उघडायचं होतं.

ते उघडलं काकूंनी. घरातलं फायनान्स त्यांच्याकडे आणि त्यांचं कन्करन्स मिळाल्याशिवाय नोटशीट पुढे सरकत नाही. "अहो, काय करून राहिलात तुम्ही? घ्यायचा तर घ्या, नाहीतर ते विमान नातवाला देऊन टाका." त्याच रात्री ऑर्डर गेली. डबल अॅक्शन, वाटी वर, 0.3. कंप्रेसर टाकीवाला. पहिल्या दिवशी कुणीही हेच सांगितलं असतं, पण ते बोलून दाखवण्याची हिंमत गल्लीत कुणाची नाही.

माल आला. इन्स्पेक्शन झालं. भिंतीवर एसओपी चिकटली, "आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा." वाक्य सोपं आहे, बोटाला पटत नाही. बोट घाईनं एकदम सुटतं, नोझलच्या टोकावर रंग उरतो आणि पुढच्या वेळी हवा सोडली की तो ठिपक्यांनी बाहेर उडतो. काकांनी सराव केला तो प्लॅस्टिकच्या चमच्यांवर, कारण चमच्याला विमानासारखाच बाक असतो. फार जवळून मारलं की पातळ रंगाला चहूकडे पाय फुटून कोळी होतो. फार लांबून मारलं की रंग वाटेतच सुकतो आणि चमच्यावर खरखरीत भुकटी बसते. काकूंनी बारशासाठी आणलेले सगळे चमचे राखाडी झाले. बारशाला खीर वाट्यांनी प्यावी लागली.

खरी अडचण रंगाच्या दाटपणाची. या विद्येतला प्रत्येक जाणकार सांगतो, रंग दुधाइतका पातळ करा. काकांनी विचारलं, कोणतं दूध? फुल क्रीम, टोन्ड की डबल टोन्ड? या प्रश्नाला जगात उत्तर नाही. मग देवभोग दुधाच्या तीन पिशव्या आल्या, तीन वाट्या भरल्या, काडीनं थेंब काचेच्या कडेवरून सोडून कोणता किती वेगानं घसरतो ते घड्याळ लावून पाहिलं गेलं. शेजारी रंगाच्या तीन वाट्या. काकूंनी अंधारात चहाला नेमकी कुठली वाटी उचलली, ते काका सांगत नाहीत. चहा राखाडी झाला होता एवढं मात्र गल्लीला माहीत आहे.

मार्च लागला, भिलाई तापली आणि नवाच त्रास सुरू झाला. रंग नोझलच्या टोकावरच सुकायचा. दर दोन मिनिटांनी तोंड बंद. दाब वाढवला, 15 चा 20 पीएसआय केला, 25 केला. रंग धुळीसारखा उडाला. शेवटी माणूस वाकला आणि थनौदच्या पोराला फोन लावला. साहेबी हिंदीत सविस्तर रिपोर्ट दिला. पलीकडून उत्तर आलं, "कका, रंग ला थोरकिन पातर करव. अउ सुजी ला पोंछत राहव." रंग थोडा पातळ करा आणि सुई पुसत राहा. काकांनी ते फाइलीत टिपून घेतलं आणि खाली लिहिलं, 'सोर्स : फील्ड'. त्या संध्याकाळी पहिल्यांदा एक पंख सलग, गुळगुळीत, राखाडी झाला. काकूंना बोलावून दाखवला. काकू म्हणाल्या, "छान. दुसरा?"

दुसऱ्याला वेळ लागतोय, कारण मध्येच काकांना धुलाईचा शोध लागला. रंगकाम दहा मिनिटांचं असतं, त्यानंतरची सफाई अर्ध्या तासाची. वाटीत थिनर ओतायचा, नोझलच्या तोंडावर बोट धरून हवा उलटी फिरवायची म्हणजे वाटीत बुडबुडे येतात, सुई मागून अलगद ओढून पुसायची, टोक कशालाही लागू द्यायचं नाही, कारण ते वाकलं की नवी सुई. नोझल पुन्हा बसवताना बोटाच्या जोरापलीकडे आवळायचं नाही. प्लांटमध्ये मोठ्या शटडाउनला कॅपिटल रिपेअर म्हणतात. काकांच्या वऱ्हांड्यात ते आता रोज संध्याकाळी असतं. पांढरं फडकं, त्यावर ओळीनं मांडलेले सुटे भाग, तोंडावर गाळणीचा मास्क आणि चेहऱ्यावर असं समाधान, की बाहेर लाल दिवा लावावा आणि कुणी आत जाऊ नये असं वाटतं. रंग लावण्यापेक्षा धुण्यात रमणारा मॉडेलर मी दुसरा पाहिलेला नाही.

परवा आणखी एक पार्सल आलं. गंजाची बाटली. मॉडेल जुनं, वापरलेलं वाटावं म्हणून त्यावर लावायची तांबडी पूड, छटाकभर, आयात केलेली. सगळी नोकरी गंजाशी भांडण्यात गेली आणि कॉलनीतल्या दोरीवरच्या कपड्यांवर प्लांटची जी तांबडी धूळ फुकट बसायची, ती काकांनी आता पैसे देऊन मागवली. तीही सिंगल टेंडरवर, दुसरा सप्लायर नाही म्हणून.

तुम्हाला एअरब्रश घ्यायचाच असेल तर डबल अॅक्शन घ्या, वाटी वर, 0.3, टाकीवाला कंप्रेसर, आणि मास्क विसरू नका. काकांना विचारायला जाऊ नका. गेलातच तर जेवून जा आणि येताना प्लॅस्टिकचे चमचे घेऊन या.