ब्रसेल्सच्या कोबीला सदाशिव पेठी फोडणी

हॅरो, लंडन
२८ डिसेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

नाताळच्या फोटोत ताटात ते काळपट काय होतं, असं तू फोनवर विचारलंस आणि मी उत्तर देणार तोच बाबांनी फोन काढून घेऊन क्रिकेटचा विषय काढला. म्हणून सविस्तर लिहिते. काळजी करू नकोस, ते खाण्याचंच होतं.

इथे नाताळच्या जेवणात मान टर्कीचा. शाकाहाऱ्यांनी तिच्या कडेच्या भाज्यांवर समाधान मानायचं. त्यात ब्रसेल्स स्प्राउट्स हवेतच, म्हणजे लिंबाएवढे कोबीचे गड्डे. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली यांच्याच जातीतलं हे शेंडेफळ. जुन्या वळणाच्या घरांत ते इतके उकळतात की वास जिन्यापर्यंत जातो आणि मुलं ताटावरून उठायची कारणं शोधतात. शेजारच्या आजींनी यंदा आम्हाला बोलावलं आणि नेमकी हीच भाजी आमच्याकडे सोपवली.

मी ती भाजायची ठरवली. तुझे जावई पडले जळगावचे. तिकडच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो मान त्यांनी वैयक्तिक घेतलाय. "भाजायचं ते वांगंच, आणि तेही काट्याकुट्यांच्या जाळावर," असं म्हणून ते सोफ्यावर जाऊन बसले. मी गड्डे उभे अर्धे चिरले, जोडीला गाजर आणि पार्सनिप (दिसायला पांढरं गाजर, चवीला गोडूस), वर दोन चमचे तेल आणि मीठ. ओव्हन आधी २०० अंशांवर तापवून घेतला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ट्रेमध्ये भाज्या सुट्या पसरायच्या, चिरलेली बाजू खाली. तिथे तुळशीबागेसारखी गर्दी केलीस तर सुटलेलं पाणी उडून जायला वाव मिळत नाही, आणि भाज्या भाजल्या न जाता वाफवल्या जातात. अर्ध्या तासात कडा खरपूस होतात. फोटोतलं काळपट ते हेच.

इथले लोक यावर मोहरी, मध आणि व्हिनेगरचं ड्रेसिंग घालतात. मी मध-व्हिनेगर सोडलं, मोहरी ठेवली आणि ती तडतडवली. तीन चमचे दाण्याचं कूट, चमचाभर चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, मीठ, सरसरीत होईल इतकं पाणी. त्यावर मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची आणि कढीपत्त्याची चुरचुरीत फोडणी. मिरची तेलात पडली आणि छतावरचा धुराचा अलार्म केकाटायला लागला. जावई तत्काळ सोफ्यावरून उठून स्टुलावर चढले आणि पंचाने वारा घालू लागले. सणाच्या स्वयंपाकात त्यांचा हातभार लागला तो एवढाच.

पुढची अडचण अलार्मपेक्षा मोठी. इथे कायद्याने १४ ॲलर्जीकारक पदार्थांची यादी ठरलेली आहे, खाद्यपदार्थ विकणाऱ्याला ते सांगावेच लागतात. आपण काही विकत नव्हतो, पण पाहुण्यांच्या जिवाशी खेळ नको. यादी काढून वाचली तर दाणे आहेत, मोहरी आहे, तीळही आहेत. हिंग तरी सुटला म्हणावं, तर डबीवर लिहिलेलं, त्यात गव्हाचं पीठ. म्हणजे तुझी रोजची फोडणी इथे जाहीर सूचनेशिवाय वाढायची सोय नाही! मी ड्रेसिंग वेगळ्या वाडग्यात ठेवलं आणि शेजारी पाटी लावली: 'यात दाणे, मोहरी व गहू आहे. चौकशी करूनच घ्यावे. वाडगा धुऊन परत करावा.' रक्त सदाशिव पेठेचंच, काय करणार?

आजींनी पाटी चष्मा लावून वाचली, मग ड्रेसिंग दोनदा घेतलं. तुझ्या नातवाने स्प्राउट्स मागून खाल्ले, याला साक्षीदार आहेत. जेवण झाल्यावर आजी त्यांच्या घराचं जुनेपण सांगत होत्या, तर जावई म्हणाले, "आमच्या पुण्यात भाजीसुद्धा १८८६ सालच्या इमारतीत मिळते." महात्मा फुले मंडईचा अभिमान जळगावकराला लंडनात येऊन वाटू लागला, हे विशेष.

तुझ्याकडे ओव्हन नाही म्हणून अडू नकोस. मंडईत सध्या लाल गाजरं आणि फ्लॉवर छान मिळत असतील. जाड लोखंडी तव्यावर थोडे थोडे तुरे मोठ्या आचेवर परत, झाकण अजिबात ठेवू नकोस. कूट-चिंचेचं मिश्रण वाढताना घाल, आधी घातलंस तर सगळं मऊ पडेल.

आणि एक विनंती. ही परदेशी भाजी आहे, असं बाबांना आधी सांगू नकोस. पहिल्यांदा पानात वाढ, दुसऱ्यांदा मागितली की मग सांग.

बाकी सर्व क्षेम. बाबांना सा. न. सांगणे. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी लेक

ता. क. : येणाऱ्या कुणाबरोबर हिंग पाठव. डबीवर काय काय लिहिलंय ते वाचूनच घे.