हुशार हेल्मेट, अधांतरी हुक

बांधकामावर मजूर पडला, तर त्याच्या घरच्यांच्या आधी ते त्याच्या हेल्मेटला कळेल, अशी सोय आता झाली आहे. हेल्मेटमधला सेन्सर हिसका ओळखतो, मनगटावरचा पट्टा नाडी मोजतो, मागून डंपर आला की जॅकेट थरथरतं. ॲपलचं घड्याळ तर २०१८ पासून, माणूस आपटला आणि मिनिटभर हलला नाही, की स्वतःच मदतीला फोन लावतं. उंचावरून पडूच नये यासाठीची सोय मात्र जुनीच आहे. तिला दोरी म्हणतात.

ही सगळी यंत्रं वरठीला आणून पाहू. मोहाडी तालुक्यातलं गाव, रेल्वेच्या वेळापत्रकात भंडारा रोड, आणि कडेला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. पोलाद कारखाना कुठलाही असो, हेल्मेटशिवाय पाहुण्यालाही आत पाऊल टाकता येत नाही. गेटबाहेर दोन मजली घर उभं राहत असेल, तर गवंडी डोक्याला दुपट्टा गुंडाळून बल्ल्यांवर चढतो आणि खालून रेजा घमेलं वर करते. नवतप्यात ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा असतो. कांद्याला चार्जिंग लागत नाही, आणि ठेकेदाराला त्यातून कुणाची हजेरीही कापता येत नाही.

मजुराला सुरक्षेचं सामान मिळतच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो. त्यातून राज्याचं बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणी झालेल्यांना संच देतं. वय १८ ते ६०, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला, की पेटी घरी. पेटीच्या रांगेतल्या काहींनी उभ्या जन्मात विटेला हात लावलेला नसतो, पण त्यांची सुरक्षा वादातीत आहे. ते कधी उंचावर चढतच नाहीत.

सुरक्षेच्या सामानातली खरी गंमत उंचीवर वापरायच्या पट्ट्यात आहे. पाठीवर लोखंडी कडी, कडीला दोरी, दोरीच्या टोकाला स्प्रिंगच्या तोंडाचा हुक. तो डोक्याच्या वर, माणूस कोसळला तरी हलणार नाही अशा जागी अडकवायचा असतो. दोन मजली घरावर अशी जागा म्हणजे कालच सुतळीने बांधलेली बल्ली, आणि ती मिस्त्रीच्या सोबतीने खाली येणार. म्हणून पट्टा घरी खुंटीला टांगलेला राहतो. खुंटी पक्की असते.

प्रशिक्षणही आता हुशार झालं आहे. व्हीआरचा चष्मा लावला की मजूर विसाव्या मजल्यावरून पडतो, घाम पुसतो आणि धडा घेऊन घरी जातो. वरठीत विसावा मजला नाही. इथे पडायचं ते दुसऱ्या मजल्यावरून, आणि तेही चष्म्याशिवाय.

अंगावर यंत्र बांधण्याचा प्रयोग शेजारच्या नागपुरात होऊनही गेला. महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं चढवली. कामगार कुठे आहे, हे घड्याळांना कळत होतं. त्याच्या हाताला कचऱ्यातली काच लागते आहे, हे कळत नव्हतं. बॅटरी उतरली की पगार कापला जातो, ही कामगारांची तक्रार होती. रोजगार हमीवर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा फोटोची हजेरी सक्तीची झाली. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्रक काढून कबूल करावं लागलं, की लोक फोटोचाच फोटो काढून हजेरी लावत आहेत. यंत्र फसलं नाही. त्याने माणूस मागितलाच नव्हता, चित्र मागितलं होतं.

३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यात सरलांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारं अजस्र यंत्र कोसळलं आणि २० जण गेले. त्यांच्या डोक्यावर जगातलं सगळ्यात हुशार हेल्मेट असतं, तरी त्याला फक्त वेळ नोंदवता आली असती. सेन्सर लावायचाच, तर तो खाली उभ्या माणसाच्या मनगटाला लावायचा, की त्याच्या डोक्यावर लटकणाऱ्या लोखंडाला? हा प्रश्न निविदेपर्यंत पोचत नाही. मनगट स्वस्त पडतं.

तरीही उद्या सरकारने हुशार हेल्मेटं वाटलीच, तर ठेकेदार ती हात जोडून घेईल. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्याला दहापेक्षा कमी मजुरांचं बांधकाम दिसत नव्हतं. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही आकडा दहाच आहे. बदलली ती स्वतःचं घर बांधणाऱ्याची सूट, दहा लाखांवरून पन्नास लाखांवर गेली. पन्नास लाखांत वरठीत बंगला होतो. उरली एखादी शाळा, एखादी चाळ, तर तिथे चौदा मजूर राबत असतील, नऊ हेल्मेटं चालू असतील आणि पाच सिमेंटच्या पोत्यांमागे. कंट्रोल रूमचा पडदा हिरवागार.

एखादा नवखा पोरगा विचारेलच, “मालक, हे दहावं काहून चालू नाही करून राहिले?”

“ते चालू केलं का कायदाबी चालू होते, बाप्पा.”