जहाजाची शेंडी कशी धरावी
(नवशिक्यांसाठी)

आधी शब्द पाठ करा: अफ्लास्तन. जोर पहिल्या 'अ'वर. बाकीची अक्षरं मुकाट मागून येतात. प्राचीन ग्रीक जहाजाच्या मागच्या टोकाला फळ्या वर चढत, पुढे सुकाणूवाल्याच्या डोक्यावर वाकत आणि शेवटी पंख्यासारख्या फाकत. त्या नक्षीदार टोकाचं हे नाव. रोमन लोक त्यालाच अप्लुस्त्रे म्हणत. आपण शेंडी म्हणू. दिसायला तशीच, आणि दुसऱ्याच्या हाती लागली की व्हायची ती फजितीही तशीच.

युद्धनौकेपाशी जाताना पाण्यालगत काशाची धडक-चोच दिसली, तर आपण पुढच्या बाजूला उभे आहोत असं समजा आणि लगेच बाजूला व्हा. मागच्या टोकाला सोनेरी हंसाची मान दिसली, तर तीही शेंडी नव्हे. त्या मानेला खेनिस्कोस म्हणतात. लूशियनने वर्णन केलेल्या 'इसिस' या धान्यवाहू जहाजावर अशी मान होती. ते बिचारं गव्हाचं जहाज आहे, जाऊ द्या.

शत्रूच्या जहाजाची पाठ आपल्याला सापडणार कशी, ही शंका रास्त आहे. उत्तर सोपं आहे. ग्रीक लोक जहाज वाळूवर ओढताना पाठ जमिनीकडे आणि तोंड समुद्राकडे ठेवत. निघायची वेळ आली की वळवत बसायला नको. त्यामुळे जमिनीवरून चाल करून येणाऱ्याला आधी भेटते ती शेंडीच. जणू आपल्यासाठीच टांगून ठेवलेली!

पहिला धडा ट्रॉयच्या राजपुत्राचा, हेक्टरचा. 'इलियड'च्या पंधराव्या सर्गात तो प्रोतेसिलाओसच्या जहाजाची शेंडी दोन्ही हातांनी घट्ट धरतो आणि 'आग आणा' म्हणून ओरडतो. निवड बघा. मालक ट्रॉयच्या किनाऱ्यावर पहिलं पाऊल टाकणारा आणि पहिला मरणारा, म्हणजे तक्रारीला कुणी येणार नाही. मात्र आग दुसऱ्यांना आणायला लावा. स्वतः आणायला गेलात की पकड सुटली. आणि वर बघत राहा. डेकवर ग्रीक योद्धा एजॅक्स बावीस हात लांबीचा भाला घेऊन उभा आहे. त्यापुढे आपले दोन म्हणजे काहीच नाहीत.

दुसरा धडा जरा कठीण आहे, जेवण झाल्यावर वाचा. इ. स. पू. 490, मॅरेथॉन. (हल्ली त्या नावाने लोक पहाटे उठून बेचाळीस किलोमीटर पळतात. त्या दिवशी जहाजांकडे पळत होते ते पर्शियन.) नाटककार एस्किलसचा भाऊ कीनेगिरोस एका पर्शियन जहाजाची शेंडी धरतो आणि वरून कुऱ्हाड येते. हात गेला, माणूसही गेला, असं इतिहासकार हिरोडोटस एका ओळीत सांगून मोकळा होतो. पुढच्या लेखकांना एवढ्याने कुठलं समाधान! जस्टिनच्या पुस्तकात उजवा तुटल्यावर तो डाव्याने धरतो, तोही तुटल्यावर दातांनी. शेंडी तुटो वा पारंबी तुटो, हे खरंच. पण इथे दोन्ही शाबूत राहिली आणि धरणाराच तुटला. नवशिक्यांनी हिरोडोटसची आवृत्ती वापरावी. त्या दिवशी अथेन्सवाल्यांच्या हाती सात जहाजं लागली, म्हणजे पद्धत अगदीच वाईट नव्हती.

उलट तुम्ही जहाजाचे मालक असाल, तर ग्रीक पुराणकथेतल्या 'आर्गो' जहाजाचं लक्षात ठेवा. एकमेकींवर आदळणाऱ्या दोन शिळांमधून आधी कबुतर सोडलं. त्याच्या शेपटीच्या पिसांची टोकं तेवढी कापली गेली. मागोमाग जहाज निसटलं आणि त्याच्याही शेंडीचं टोक गेलं. बाकी सगळं शाबूत. केस कापणाऱ्याला 'थोडेसेच काढा' असं सांगितल्यावर इतकं नेमकं काम झाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

शेंडी हाती आलीच, तर घरच्या भिंतीला लावू नका. ती देवाची. सलामिसच्या लढाईनंतर, इ. स. पू. 480 मध्ये जिंकलेल्या ग्रीकांनी लुटीतला वाटा डेल्फीच्या देवळाला पाठवला आणि त्यातून एक पुतळा उभा राहिला. त्याच्या हातात जहाजाचं टोक होतं. ते मागचंच, असं अनेक अभ्यासक मानतात. पुतळ्याची उंची बारा हात. ती पकड सोडवायला कुऱ्हाड घेऊन वर चढायचं, तर आधी शिडी शोधावी लागली असती.