पस्तीस अटी आणि एक सडा

28 नोव्हेंबर 2010 रोजी जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाला केंद्राची पर्यावरण मंजुरी मिळाली आणि पुढच्याच आठवड्यात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले. भट्ट्या त्यांच्याकडच्याच. पाहुणे उंबऱ्याशी यायच्या आत ओसरी झाडून घ्यावी, तशी ही मंजुरी. पण घाईत दिली असं कोण म्हणेल? सोबत 35 अटी होत्या!

भट्ट्या गार करून समुद्रात परत जाणारं पाणी मूळ पाण्याहून पाच अंशांपेक्षा जास्त गरम नको, हे ठरलं. शेजारच्या साखरी नाटे गावच्या समुद्रातल्या बांगड्याने ते कुठे मोजायचं, ही छत्तिसावी अट तेवढी राहिली.

जमिनीचं मात्र सोपं होतं. प्रकल्पाच्या जागेवरचा माडबनचा सडा ओसाड, म्हणून तिथे बिघडायला काही नाहीच. पाहणी बहुधा एप्रिलमध्ये होत असावी. पावसाळ्यात हाच जांभा कातळ फुलांनी भरतो, गुरं चरतात. कडेला आंबा-काजूच्या बागा आहेत. शिवाय याच राजापूर तालुक्यातल्या कातळांवर हजारो वर्षांपूर्वी लोकांनी हत्ती, मासे कोरून ठेवलेत. त्यांनीही मंजुरी घेतल्याचं ऐकिवात नाही.

सहा अणुभट्ट्या, 9,900 मेगावॅट. दीड दशक उलटलं, एकही भट्टी उभी नाही. बांधकामाच्या काळात पर्यावरण इतकं निर्धोक राहिल्याचं उदाहरण जगात विरळाच. पाहणी करणाऱ्यांनी तसा अहवाल द्यायला हरकत नाही. एप्रिलमध्येच यावं.