माशी

कोल्हापूरच्या पाण्यातच नेम आहे, असं मी सिल्वासात गेली बावीस वर्षं सांगत आलोय. तेजस्विनी सावंत आमची, २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. स्वप्नील कुसाळे आमच्याच जिल्ह्यातला, २०२४ला पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. तेच पाणी मीही प्यायलोय. तेव्हा त्रेपन्नाव्या वर्षी मी वापीहून साडेचार हजारांची छऱ्याची बंदूक आणली, यात नवल ते काय?

बायको एवढंच म्हणाली, "फ्रिजचं दार महिनाभर लागत नाहीये."

दुकानात मी जरा मोठ्यानंच विचारलं होतं, "परवाना लागेल ना?" बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जावं, हा हेतू. पोरगा म्हणाला, "नाही काका, वीस ज्यूलच्या आतली आहे," आणि आधारची झेरॉक्स मागितली. सिमकार्ड घेतानाही पूर्वी तीच मागायचे.

गच्चीवर दहा मीटर मोजले. कंपनीतून वेस्ट धागा आणून खोक्यात ठासला, खोक्यामागे लोखंडी पत्रा, पत्र्यामागे भिंत. खोक्यावर दिनदर्शिकेचं ऑगस्टचं जुनं पान आणि त्यावर लक्ष्याचा कागद. त्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छर्रा ठिपक्याच्या नऊपट! म्हटलं, चुकायला वाव कुठाय?

वीस छऱ्यांपैकी कागदाला लागले दोन. नव्या बंदुकीतून तेलाचा धूर येत होता. नळी मोडून छर्रा भरताना जे कण्हणं व्हायचं, त्यातलं स्प्रिंगचं कुठलं नि माझं कुठलं, हे जिन्यात उभ्या बायकोला कळेना.

स्वस्त बंदूक, दुसरं काय! पण बंदुकीवरून मला बाबूजी आठवले. (सिल्वासात मला कशावरूनही बाबूजी आठवतात. घरचे आता सरळ उठून जातात.) १९५४ साली हे गाव पोर्तुगिजांकडून सोडवायला जी माणसं आली, त्यांत बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, होते हो! गीतरामायण सुरू झालं त्याच्या आदल्याच वर्षी. गळ्यात तो आवाज असलेला माणूस एरवी घसा सांभाळून, मफलर गुंडाळून घरी बसला असता. हा ऐन पावसात इथल्या चिखलात. जन्म कोल्हापूरचा, हे सांगायला नको, तरी सांगतो. बाबासाहेब पुरंदरे होते, राजा वाकणकर, नाना काजरेकर होते. निधीसाठी लता मंगेशकरांनी गाण्याचा कार्यक्रम केला होता. २ ऑगस्टला सिल्वासा सुटलं आणि ११ ऑगस्टला पोर्तुगिजांचा कॅप्टन फिदाल्गो शरण आला. आता गंमत बघा. हा मुलूख रीतसर भारतात आला तो १९६१च्या ११ ऑगस्टला. आणि अभिनव बिंद्रानं बीजिंगला एअर रायफलचं सुवर्ण जिंकलं तेही २००८च्या ११ ऑगस्टलाच! हा योगायोग मला सापडल्यापासून कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी कुणी बसत नाही.

राग येतो तो याचा. २ ऑगस्टची सुट्टी सगळे घेतात, आणि फडके म्हटलं की विचारतात, "कोण, ते डेंटिस्ट?"

असो. माझा एक छर्रा कागद सोडून दिनदर्शिकेत घुसला, तो १९ तारखेवर. ११वर घुसला असता तर या लेखाचा सूर वेगळा लागला असता.

दुसऱ्या रविवारी तळमजल्यावरचे निवृत्त सुभेदार वर आले. "अहो, आवळताय काय तिला? स्प्रिंगची बंदूक आवळली की बिथरते. तळहातावर नुसती ठेवा. आणि कागदाकडं काय बघताय? माशीकडं बघा! माशी ठळक, कागद पुसट."

नळीच्या टोकावरची ती माशी. माझं सगळं नेमकं उलटं होतं. कागद ठळक, त्यापलीकडचं आंब्याचं झाड पानापानानं ठळक, आणि माशीच्या जागी केसाळ सुरवंट. चष्म्याच्या खालच्या भिंगातून बघावं म्हणून मान मागे टाकली, तर दस्ता खांद्यावरून निसटला.

माझे वडील, अण्णा, छापखान्यात खिळे जुळवायचे. पन्नाशीनंतर बारीक टाइपाचं काम आलं की ते घरून निघताना मला सोबत घ्यायचे. खिळा पुढे करून हळूच विचारायचे, "हा घ का रे, ध?" मी पंधरा वर्षांचा. दिवसातून पन्नास वेळा तेच. एकदा सगळ्या कामगारांच्या देखत मी ओरडलो, "अण्णा, एवढं मोठं अक्षर दिसत नाही तुम्हाला?" ते रागावले नाहीत. खिळा खिडकीकडे धरून म्हणाले, "उजेड कमी आहे जरा." दुपारचे बारा वाजले होते. त्यानंतर त्यांनी मला कधी सोबत नेलं नाही.

"माशी दिसतेय ना?" सुभेदारांनी विचारलं.

मे महिना होता. गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता.

"उजेड कमी आहे जरा," मी म्हणालो.